केमोने मूल होतच नाही? त्या मेसेजबद्दल खुलासा

"केमो घेतलेल्या बाईला कधीच मूल होत नाही, उंदरांवर सिद्ध झालंय" असा मेसेज फिरतोय. मीही तो न तपासता पुढे पाठवला होता, चूक माझीच.

उंदरांवरचे प्रयोग खरे आहेत, काढलेला निष्कर्ष चुकीचा. सायक्लोफॉस्फामाइड हे कॅन्सरवरच्या केमोतलं औषध दिलेल्या उंदरिणीच्या अंडाशयाची रंगवलेली पातळ चकती मी स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आहे. कडेला चपट्या पेशींच्या एकेरी वेढ्यात बसलेली इवलीशी बीजं असतात, तोच राखीव साठा. औषधाने डीएनएला इजा होऊन तो घटतो, आणि किती घटेल हे डोसवर ठरतं. मोठ्या डोसनंतर तो जवळपास रिकामा दिसतो, लहान डोसनंतर बराच उरतो. म्हणजे उंदरांतसुद्धा "कधीच नाही" हे सरसकट खरं नाही!

शिवाय उंदरिणीचं चक्र ४-५ दिवसांचं, तिचा डोसही वेगळा मोजतात. तिथले आकडे बाईला जसेच्या तसे लावता येत नाहीत. औषधागणिक फरक आहेच. मेथोट्रेक्सेट, फ्लुरोयुरासिल यांचा धोका सायक्लोफॉस्फामाइडपेक्षा बराच कमी. वयही महत्त्वाचं, कारण तरुणपणी साठा मोठा असतो. केमोनंतर आई झालेल्या स्त्रिया आहेत. मात्र पाळी परत आली म्हणजे साठा पूर्ववत झाला, असंही नाही.

मूल हवं असेल तर केमो सुरू होण्याआधीच डॉक्टरांना सांगा, बीजं किंवा भ्रूण गोठवून ठेवता येतात. या भीतीने उपचार लांबवू नका. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर तिथेच हा खुलासा टाका.