विश्वामित्रीतील मगर आणि हरवलेल्या पिशव्या : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

बडोद्यात विश्वामित्री नदीवरच्या काळा घोडा पुलावरून टिपलेल्या मगरीच्या कृष्णधवल छायाचित्रावर आपण इतक्या तपशिलाने लिहिलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. आपला मुख्य आक्षेप असा, की त्या पुलावरून आपण रोज जाता, तिथल्या काठावर प्लास्टिकचा खच पडलेला असतो आणि माझ्या चित्रात मात्र नदी निर्मळ दिसते. म्हणजे रंग काढून मी घाण झाकली. शिवाय, निसर्गाने दिलेला रंग काढून टाकण्याचा छायाचित्रकाराला अधिकार काय, असेही आपण विचारले आहे.

पहिला आक्षेप वाचून मी मूळ फाइल पुन्हा उघडली. आपले म्हणणे खरे आहे, आणि ते कसे घडले हे सांगणे मला आवश्यक वाटते. रंगीत चित्र कृष्णधवल करताना कोणत्या रंगाला करड्याची कोणती छटा द्यायची, हे कुणीतरी ठरवावेच लागते. डोळ्याला जाणवणारा उजळपणा मोजण्याचे जे सूत्र आज सर्रास वापरले जाते, त्यात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, तांबड्याचा २१ टक्के आणि निळ्याचा अवघा ७ टक्के असतो. केवळ या सूत्रावर सोडले, तर मगरीची पाठ आणि तिच्याखालचा ओला चिखल जवळजवळ एकाच छटेचे होतात. म्हणून पाठीवरच्या कठीण खवल्यांच्या रांगा सकाळच्या तिरप्या उन्हात उठून दिसाव्यात यासाठी मी पिवळा आणि नारिंगी उजळ केला, तर पाण्यात पडलेले आकाशाचे प्रतिबिंब गडद व्हावे म्हणून निळा खाली आणला. त्याच दोन बदलांमुळे काठावरची नारिंगी पिशवी कोरड्या वाळूइतकी फिकट होऊन वाळूत मिसळली आणि निळ्या प्लास्टिकचा तुकडा काळ्या पाण्यात बुडाला. मी चित्रातला एकही कण पुसला नव्हता हे खरे असले, तरी तेवढ्याने माझी सुटका होत नाही. पाहणाऱ्याला पिशव्या दिसल्या नाहीत, आणि त्या न दिसण्याला माझा हात कारणीभूत होता.

दुसऱ्या एखाद्या विषयात ही चूक किरकोळ ठरली असती. विश्वामित्रीच्या मगरीबाबत ती तशी नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेला, हा प्राणी आपल्या बडोद्याच्या ऐन वस्तीतून वाहणाऱ्या नदीत राहतो, आणि ऑगस्ट २०२४ च्या पुरात मगरी लोकांच्या दारापर्यंत आल्या होत्या. शहराचा कचरा हा आता तिच्या अधिवासाचा भाग आहे. तिचे चित्र काढायचे आणि तो भाग अदृश्य करायचा, म्हणजे तिच्या जगण्यातली एक मोठी माहिती गाळणे होय.

अधिकाराच्या प्रश्नावर मात्र माझे मत वेगळे आहे. कॅमेऱ्यात उतरलेला रंग हा निसर्गाचा रंग जसाच्या तसा असतो, असे मानता येत नाही. बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांच्या सेन्सरवरचा प्रत्येक बिंदू एकच रंग मोजतो, निम्मे बिंदू हिरवा आणि उरलेले निम्मे-निम्मे तांबडा व निळा, आणि बाकीचे दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून अंदाजाने भरले जातात. शिवाय रंग पाहणाऱ्यावरही अवलंबून असतो. वाघाचा जो नारिंगी रंग आपल्याला लांबून खुणावतो, तो चितळाच्या डोळ्याला गवताच्या हिरव्यापासून वेगळा ओळखता येत नाही. तेव्हा रंग राखला म्हणजे सत्य राखले, असे सरळ समीकरण मला मांडता येत नाही. त्या विशिष्ट चित्रातली महत्त्वाची गोष्ट रंगात आहे की प्रकाशात, हे दर वेळी नव्याने पाहावे लागते. रोहित पक्ष्याचा गुलाबी रंग त्याच्या खाण्यातून येतो, तो त्याच्या आहाराची खूणच आहे. म्हणून त्याचे एकही चित्र मी कृष्णधवल करत नाही.

याउलट, आपण ओघात ज्याचा उल्लेख केलात ते वढवाण्याच्या पट्टकादंबांचे चित्र पाहा. डभोईजवळचा तो तलाव १९१० मध्ये बडोदा संस्थानाने सिंचनासाठी बांधला आणि २०२१ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. तिथे हिवाळ्यात उतरणाऱ्या या हंसांचे डोके पांढरे, त्यावर दोन काळे पट्टे आणि अंग राखाडी असते. त्या दिवशी दाट धुक्यात रंग उरला होता तो फक्त चोचींत आणि पायांत. डोक्यावरच्या पट्ट्यांनी एकेक पक्षी धुक्यातून वेगळा होत होता, आणि तेच मला दाखवायचे होते.

मद्रासचे वन्यजीव छायाचित्रकार एम. कृष्णन यांचा दाखला मी पूर्वी एकदा कृष्णधवल चित्रांच्या समर्थनार्थ दिला होता. त्यावरही आपण बोट ठेवले आहे, आणि तेही योग्यच आहे. कोडाक्रोम ही रंगीत फिल्म १९३५ मध्ये बाजारात आली असली, तरी कृष्णन कृष्णधवल फिल्मवरच काम करत राहिले. पण त्यांनी रंग टाकला नव्हता, त्यांच्या फिल्मवर तो उतरतच नव्हता. माझ्यासमोर रंग असतो आणि मी तो काढतो, त्यामुळे काय गेले याचा हिशेब देण्याची जबाबदारी माझ्यावर येते, जी त्यांच्यावर नव्हती. तो दाखला मी मागे घेतो.

मगरीचे रंगीत चित्र मी आता वर लावले आहे. त्याखाली कृष्णधवल चित्र आहे, आणि कोणते रंग उजळ वा गडद केले व त्यात कोणत्या दोन वस्तू दिसेनाशा झाल्या, हे त्याच्या ओळींत लिहिले आहे. पट्टकादंबांच्या चित्रात मी काही बदल केलेला नाही.