अण्णांचा फॉरवर्ड आणि पांढऱ्या अस्वलाची एकादशी

रविवारी रात्री साडेदहाला जेवणाच्या टेबलावरचा पसारा आवरत होते. चिरंजीवांच्या शाळेच्या प्रकल्पाचा चार्टपेपर तिथेच वाळत पडला होता. निळ्या कागदावर फेविकॉलने कापूस चिकटवून केलेलं अस्वल, खाली थर्माकोलच्या तुकड्यांचा बर्फ आणि उजव्या कोपऱ्यात हिरव्या स्केचपेनने ठळक अक्षरांत: ‘ध्रुवीय अस्वलांची संख्या सहापट वाढली! बर्फ वितळला तरी त्यांना काही होत नाही.’ हे कुठून आणलंस, विचारलं. म्हणाला, आजोबांच्या मोबाइलमधून.

आजोबा म्हणजे माझे सासरे, अण्णा. बँकेत जन्म गेला. दिवसाच्या हिशेबात रुपयाचा फरक निघाला तर तो सापडेपर्यंत घरी न येणारा माणूस. पण फॉरवर्डला मात्र ना पावती लागते, ना सही. ‘अगं, शास्त्रज्ञांनीच सांगितलंय, वाच तरी.’ वाचला. शेवटी हात जोडलेल्या तीन इमोजी आणि ‘आपल्या मुलांना सत्य शिकवा’. बरं, शिकवते.

मेसेजचा सारांश असा. १९६० च्या सुमारास पाच हजार असलेली अस्वलं आज तीस हजार झाली. त्यांचे केस ऑप्टिकल फायबरसारखे ऊन थेट कातडीपर्यंत नेतात. ती शेकडो किलोमीटर पोहतात. बर्फ नसला तर जमिनीवर फळं, अंडी, गवत खाऊन मजेत राहतात. सव्वा लाख वर्षांपूर्वी पृथ्वी तापली होती तेव्हाही ती टिकली, सबब हवामानबदल हे सगळं थोतांड. आणि वर चित्र: अस्वल आणि पेंग्विन, खांद्याला खांदा लावून.

चित्रावर काय बोलायचं? अस्वल उत्तर ध्रुवाकडचं, पेंग्विन दक्षिण गोलार्धातले. दोघांची गाठ पडायची तर प्राणिसंग्रहालयातच. ज्याने मेसेज लिहिला त्याला एवढंही ठाऊक नसेल तर पुढचं वाचायची गरज नव्हती, पण आमच्या घरात ते चार्टवर चढलं होतं.

केसांची गोष्ट ऐकायला छान आहे. केस आतून पोकळ आणि रंगहीन असतात, खालची कातडी काळी असते, इथपर्यंत खरं. पण १९९८ मध्ये डॅनियल कून या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने केसात प्रकाश सोडून पाहिला. जेमतेम इंचभर लांबीच्या केसातून लाल प्रकाशाचा एक हजारांश टक्काही पलीकडे पोचला नाही. अस्वलाला ऊबदार ठेवतात ते दाट केसांचे दोन थर आणि कातडीखालची चरबी, जी काही ठिकाणी दहा सेंटिमीटरपर्यंत जाड असते. ही चरबी लक्षात ठेवा, सगळा खेळ तिचाच आहे.

आता आकडा. अण्णांना मी त्यांच्याच भाषेत विचारलं, ओपनिंग बॅलन्सच अंदाजपंचे असेल तर नफा कसा काढणार? पन्नास-साठच्या दशकात आर्क्टिकभरची अस्वलं कुणी मोजलीच नव्हती. एका सोव्हिएत संशोधकाचा अंदाज पाच ते आठ हजार, त्याच सुमाराचा दुसरा एक अंदाज १९ हजारांपर्यंत. मेसेजवाल्याने त्यातला सर्वांत लहान उचलला. आजचा आकडाही मोजणी नव्हे, अंदाजच: निसर्गसंवर्धनाचं काम करणाऱ्या आययूसीएन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१५ मध्ये २६ हजारांच्या आसपास, म्हणजे २२ ते ३१ हजारांच्या दरम्यान असा धरला. मेसेजने या वेळी वरचं टोक घेतलं. खालून सर्वांत कमी, वरून सर्वांत जास्त. बँकेत असं व्हाउचर कुणी पास केलं असतं का? (अण्णा गप्प.)

यात थोडं खरं आहे, ते नाइलाजाने मान्य करते. काही भागांत अस्वलं खरोखर वाढली, कारण पूर्वी त्यांची बेसुमार शिकार होत होती. सोव्हिएत संघाने १९५६ मध्ये शिकारबंदी केली आणि १९७३ मध्ये कॅनडा, अमेरिका, नॉर्वे, डेन्मार्क आणि सोव्हिएत संघाने मिळून संरक्षणाचा करार केला. बंदुका थांबल्या, अस्वलं सावरली. अलास्का आणि रशिया यांच्यामधल्या चुक्ची समुद्रातली अस्वलं अलीकडच्या अभ्यासांतही धष्टपुष्ट आढळली आहेत. दुसऱ्या बाजूनेही अतिरेक झाला. २०१७ मध्ये हाडांचा सापळा झालेल्या एका अस्वलाचा व्हिडिओ जगभर फिरला. ते अस्वल नेमकं कशाने खंगलं हे कुणालाच माहीत नव्हतं, तरी ‘हवामानबदल असा दिसतो’ असं त्यावर ठोकून दिलं. पुढच्या वर्षी नॅशनल जिओग्राफिकला ते जास्तच झाल्याची कबुली द्यावी लागली. असल्या प्रकारांमुळेच अण्णांसारख्यांना वाटतं, सगळंच बनावट.

पण जिथे दशकानुदशकं नीट मोजलं जातंय तिथे पाहा. कॅनडात हडसन उपसागराच्या पश्चिम काठावर १९८७ मध्ये बाराशेच्या आसपास अस्वलं होती. २०१६ च्या हवाई मोजणीत ८४२, २०२१ मध्ये ६१८. पाच वर्षांत चौथ्या हिश्शाहून जास्त कमी. काही शेजारच्या भागात गेली असतील, मोजणारेही तसं म्हणतात, पण सहापट वाढ म्हणत असाल तर ती कुठल्या खात्यात जमा झाली?

आणि आता तो मुद्दा, ज्याने माझं डोकं खरं फिरलं: ‘जमिनीवर खाऊन मजेत राहतात.’

हे अस्वल बर्फावर राहतं ते त्याला गारठा आवडतो म्हणून नव्हे. समुद्रावर गोठलेला बर्फ ही त्याची शिकारीची जागा, आपल्या कोळ्याची होडी असावी तशी. सील श्वास घ्यायला बर्फातल्या भोकांशी वर येतात आणि अस्वल त्या भोकाशी तासन्‌तास निश्चल बसून राहतं. डोकं वर आलं की झडप. उघड्या पाण्यात सीलला गाठणं सहसा त्याच्या आवाक्याबाहेरचं. वसंतात सीलची नवी पिल्लं बर्फावर असतात, तेव्हा तर त्याची दिवाळी. भरपूर मिळालं की ते चरबी तेवढी ओरपतं, मांस बऱ्याचदा मागून येणाऱ्या कोल्ह्यांना सोडून देतं. हडसन उपसागरातला बर्फ उन्हाळ्यात पूर्ण जातो, अस्वलं काठावर येतात आणि हिवाळ्याच्या तोंडाला समुद्र पुन्हा गोठेपर्यंत थांबतात. आपली एकादशी आणि दुप्पट खाशी. अस्वल आधी दुप्पट खातं, मग चार महिने एकादशी. गाभण मादीची तर आठ महिन्यांपर्यंत लांबते. त्यातच ती गुहेत जेमतेम सहाशे-सातशे ग्रॅमची पिल्लं जन्माला घालते आणि साठवलेल्या चरबीवर त्यांना पाजते. दुधातही तिसरा हिस्सा चरबीच.

तर एकादशीला ती साबुदाण्याची खिचडी खातात का, हे शास्त्रज्ञांनी बघितलं. २०१९ ते २०२२ च्या उन्हाळ्यांत याच हडसन उपसागराच्या पश्चिम काठावरच्या चर्चिल परिसरात २० अस्वलांच्या गळ्यात कॅमेऱ्याचे पट्टे बांधले, सुरुवातीला वजन घेतलं, सुमारे तीन आठवड्यांनी पुन्हा घेतलं. निष्कर्ष २०२४ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात छापून आले. अस्वलांनी प्रयत्न केला नाही असं नाही. बोरं खाल्ली, गवत खाल्लं, मेलेले पक्षी, हाडं, कॅरिबू या तिकडच्या हरणाची शिंगंसुद्धा चावली. तिघं समुद्रात लांबवर पोहत गेली, त्यातलं एक १७५ किलोमीटर. पाण्यात मेलेले प्राणीही सापडले, पण पोहता पोहता ते धड खाता येईनात की काठावर ओढून आणता येईनात. काही अस्वलं नुसती पडून राहिली. पडून राहिलेली आणि वणवण केलेली, दोघांचं वजन सारखंच उतरलं, कारण जे पोटात गेलं ते शोधण्यातच खर्च झालं. २० पैकी १९ बारीक झाली, दिवसाला सरासरी किलोभर. वजन वाढलं फक्त एकाचं, ३२ किलोनं, त्याला सागरी सस्तन प्राण्याचं आयतं मढं मिळालं होतं. लॉटरी लागलेल्या माणसाकडे बघून गावाला ‘नोकऱ्या सोडा’ सांगण्यातला हा प्रकार.

तिथली अस्वलं १९८० च्या सुमारापेक्षा आता तीनेक आठवडे जास्त काठावर काढतात. म्हणजे वीसेक दिवस जास्त, रोजचा किलो. आधी पडतात ती पिल्लं आणि पोरसवदा अस्वलं. आईचं दूध आटतं.

पोहण्याचं एका उदाहरणात सांगते. २००८ मध्ये अलास्काच्या उत्तरेला असलेल्या ब्यूफोर्ट समुद्रात एक मादी नऊ दिवस सलग पोहून ६८७ किलोमीटर गेली. मेसेजमध्ये हे बहुधा ‘पराक्रम’ म्हणून आलं असतं. दोन महिन्यांनी ती पुन्हा सापडली तेव्हा वजन २२ टक्के घटलेलं होतं आणि बरोबरचं वर्षाचं पिल्लू नव्हतं.

राहिली सव्वा लाख वर्षं. नॉर्वेच्या उत्तरेला असलेल्या स्वालबार्ड द्वीपसमूहावर लाखाहून अधिक वर्षांपूर्वीचा ध्रुवीय अस्वलाचा जबडा सापडलाय, तेव्हा ती जात तगली हे खरंच. (त्याच द्वीपसमूहावर २००८ पासून भारताचं ‘हिमाद्री’ केंद्र आहे, गोव्यात वास्कोला असलेली संस्था ते चालवते. तिथे वस्तीबाहेर पडताना अस्वलाच्या भीतीने बंदूक जवळ ठेवावी लागते.) पण जात तगली म्हणजे किती उरली होती, ते जबडा सांगत नाही. तेव्हाचं तापणं हजारो वर्षांत झालं. आत्ता १९७९ पासून आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापतोय.

हे सगळं अण्णांनी शांतपणे ऐकलं, हे विशेष. मग चष्मा लावून चार्टच्या कडेला पेन्सिलीने मांडलं: काठावरचे १३० दिवस, रोज १ किलो. बघत राहिले. ‘एवढं डेबिट? आणि क्रेडिट काय, बोरं?’

सकाळी चिरंजीवांनी हिरव्या ओळीवर पांढरी पट्टी चिकटवली आणि वर लिहिलं, ‘२० पैकी १९ बारीक झाली.’ फेविकॉल ओला होता, स्केचपेन थोडं पसरलंय. फॅमिली ग्रुपवर मात्र तो मेसेज अजून आहे तसाच, खाली आत्यांचे दोन अंगठे.