‘मर्मर आहे? मग पिल्लू परत करा’: हा सल्ला का चुकीचा आहे

कुत्र्यांची पिल्लं दत्तक देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप गटांत एक सल्ला पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचा गोषवारा असा: पहिल्या लसीच्या वेळी डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावून ‘मर्मर आहे’ म्हटलं, तर पिल्लाच्या हृदयाला भोक आहे असं समजा. ते वर्षही काढत नाही, तेव्हा परत करा. ठेवायचंच असेल तर पळू देऊ नका, लसी थांबवा, हृदयाची गोळी लगेच चालू करा. पुढे आवाज बंद झाला, तर पिल्लू बरं झालं. या सल्ल्यापायी धडधाकट पिल्लं रस्त्यावर येतात आणि खरोखर आजारी पिल्लांच्या उपचाराची वेळ टळून जाते. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘मर्मर म्हणजे हृदयाला भोक.’ मर्मर हा आजार नाही, आवाज आहे. हृदयाच्या झडपा मिटतात तेव्हा ‘लब-डब’ ऐकू येतं. रक्ताचा प्रवाह खळबळला की त्यात फुसफुस मिसळते. सहा-आठ आठवड्यांच्या पिल्लाचं हृदय एवढंसं, रक्त मोठ्या कुत्र्यापेक्षा पातळ आणि ठोके भरभर. त्यामुळे काहीही बिघाड नसताना हलका मर्मर येऊ शकतो. असा निरुपद्रवी मर्मर सहाच्या मोजपट्टीवर पहिल्या किंवा दुसऱ्या ग्रेडचा असतो. तो छातीच्या डाव्या बाजूला, ठोक्याच्या सुरुवातीला क्षणभरच येतो आणि पिल्लू शांत झालं की कमी होतो. चार ते सहा महिन्यांचं होईपर्यंत तो बहुधा निघून जातो.

दुसरं मोठं कारण पोटात असतं. अंकुशकृमी आईच्या दुधातूनच पिल्लात शिरतात आणि आतड्याला चिकटून रक्त पितात. वर गोचिड्या आणि पिसवा असतातच. रक्त पातळ झालं की निरोगी हृदयातही आवाज येतो. म्हणून वरचा ओठ उचलून हिरडी पाहा. ती गुलाबी हवी. बोटाने दाबून सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत रंग परत यायला हवा. हिरडी फिकट असेल तर इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) आधी रक्ताची आणि विष्ठेची तपासणी आणि गोचिडतापासाठी रक्ताचा स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं) करून घ्या. जंतनाशक वयाच्या दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला तीन महिन्यांपर्यंत, नंतर सहा महिन्यांपर्यंत दरमहा द्यायचं असतं. मात्रा वजनावर ठरते, तेव्हा दर वेळी वजन करा. हिमोग्लोबिन वाढलं की हा मर्मर आपोआप विरतो. देशी पिल्लांना मर्मर होत नाही असंही याच गटांत म्हटलं जातं. जंतांनी पोखरलेल्या रस्त्यावरच्या पिल्लांत तो सर्रास सापडतो.

‘असं पिल्लू वर्षभर जगत नाही.’ कुठला दोष, त्यावर ते आहे. गर्भात फुप्फुसं बंद असतात, म्हणून रक्त वळवणारी एक नळी असते. ती जन्मानंतर काही दिवसांत मिटायला हवी. ती उघडी राहिली तर फुप्फुसांत आणि हृदयाच्या डाव्या भागात रक्ताचा लोंढा वाढतो. उपचार न केल्यास यातली निम्म्याहून अधिक पिल्लं वर्षभरात दगावतात, हे खरं आहे. सल्ल्यात जे सांगितलेलं नाही ते असं, की ही नळी शस्त्रक्रियेने बांधता येते किंवा मागच्या पायाच्या रक्तवाहिनीतून कॅथेटर घालून बुचासारख्या उपकरणाने बंद करता येते. वेळेत बंद केली तर बहुतेक कुत्री जवळपास नेहमीचं आयुष्य जगतात. पोमेरेनियन आणि जर्मन शेफर्डमध्ये, त्यातही माद्यांमध्ये, हा दोष जास्त. याचा आवाज थांबत नाही, यंत्र चालल्यासारखा अखंड येतो. पण तो डाव्या काखेत, अगदी वर आणि पुढे असतो. डॉक्टरांनी फक्त कोपरामागे स्टेथोस्कोप लावला तर तो हुकतो. ‘काखेतही ऐका’ असं सांगायला संकोच नको.

आवाज मोठा म्हणजे दोष मोठा, हेही समीकरण चुकतं. दोन कप्प्यांमधल्या पडद्याला अगदी बारीक छिद्र असेल तर त्यातून रक्त जोराने घुसतं आणि आवाज मोठा येतो. अशी कुत्री बऱ्याचदा कुठल्याही औषधाशिवाय म्हातारी होतात. छिद्र मोठं असेल तर आवाज उलट मऊ असू शकतो.

मग इको कधी करायचा? पहिल्या-दुसऱ्या ग्रेडचा मर्मर असलेलं पिल्लू खातंय, खेळतंय, वाढतंय, तर प्रत्येक लसीच्या वेळी ऐकायचं आणि सोळा आठवड्यांनंतरही आवाज राहिला तर डॉप्लरसह (रक्ताच्या प्रवाहाचा वेग दाखवणाऱ्या तंत्रासह) इको करायचा. ग्रेड तीन किंवा वर, अखंड आवाज, उजव्या बाजूचा आवाज, भावंडांपेक्षा खुंटलेली वाढ, खेळताना बसकण मारणं, यांपैकी काहीही असेल तर थांबायचं नाही. एक्सरे आणि ईसीजी मदत करतात. दोष कोणता, हे मात्र इकोवरच कळतं.

‘लसी थांबवा.’ अजिबात नको. मर्मर हे लस टाळण्याचं कारण नाही आणि पार्व्हो हा पिल्लांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार मर्मर पाहून थांबत नाही. नसबंदीची गोष्ट वेगळी: भूल देण्याआधी इको झालेला असावा, म्हणजे औषधं आणि सलाईनचा वेग त्याप्रमाणे ठरवता येतो.

‘हृदयाची गोळी लगेच चालू करा.’ सगळ्यांत धोकादायक वाक्य हे. पिमोबेंडान हे हृदयाचं औषध हृदयाचा जोर वाढवतं आणि रक्तवाहिन्या सैल करतं. झिजलेल्या झडपेच्या म्हाताऱ्या कुत्र्याला त्याचा उपयोग होतो. पण ज्या पिल्लाच्या हृदयातून बाहेर पडायची वाटच अरुंद आहे, त्याला हे औषध देऊ नये. जोर वाढतो, वाट तेवढीच राहते आणि रक्तदाब कोसळू शकतो. अशा पिल्लांना लागलीच तर ठोके मंदावणारी औषधं लागतात. फुप्फुसाकडची झडप अरुंद असेल तर ती फुग्याने रुंदावता येते. घरातल्या आजोबांच्या गोळ्या तर हातातही घेऊ नका.

‘पळू देऊ नका.’ निरुपद्रवी मर्मर किंवा सौम्य दोष असेल तर पिल्लाला भावंडांबरोबर हवं तेवढं खेळू द्या. बंधन तीव्र अरुंदपणा असलेल्यांना: चेंडूमागे धावणं नको, उन्हाळ्यात फिरणं सकाळी सातच्या आत, पट्टा गळ्यात नको, छातीचा हार्नेस घाला. पापड, फरसाण, लोणचं बंद. वेगळा अळणी आहार वाढत्या पिल्लाला डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको.

घरी करायचं मुख्य काम म्हणजे श्वास मोजणं. पिल्लू गाढ झोपलं की, पाय झटकत स्वप्न पाहत नसताना, छाती वर-खाली झाली की एक, असं तीस सेकंद मोजा आणि दुप्पट करा. आकडा रोज वहीत लिहा. झोपेतला श्वास सहसा मिनिटाला तीसच्या आत असतो. तुमच्या पिल्लाचा नेहमीचा आकडा चढत चालला तर फोन करा; चाळीसच्या वर टिकला तर त्याच दिवशी दाखवा. पिल्लू कोसळलं तर कुशीवर निजवा, तोंडात पाणी घालू नका, मोबाइलवर चित्रण करा आणि किती सेकंदांत उठलं ते टिपून ठेवा. आकडी (फिट) आणि भोवळ यांतला फरक ओळखायला डॉक्टरांना त्या चित्रणाचा फार उपयोग होतो.

‘आवाज गेला म्हणजे बरं झालं.’ सौम्य मर्मरात हे बहुधा खरं. पण उघडी नळी मोठी असेल आणि फुप्फुसांतला दाब चढत गेला, तर प्रवाह उलटतो आणि आवाज नाहीसा होतो, तोही आजार वाढल्यामुळे. अशा पिल्लाचे मागचे पाय धावताना लुळे पडतात. तोंडातली हिरडी गुलाबी आणि योनीची किंवा शिश्नाची त्वचा निळसर दिसते. तिथे पाहायचं कुणाला सुचत नाही, म्हणून मुद्दाम लिहितोय. प्रवाह उलटल्यावर नळी बंद करता येत नाही.

याच्या उलटही घडतं. गोल्डन रिट्रिव्हर, रॉटवायलर आणि बॉक्सर यांच्यात महाधमनीखालचा अरुंदपणा जन्मानंतर वाढत जातो. आठव्या आठवड्यात जेमतेम ऐकू आलेला आवाज वर्षाच्या आत मोठा होतो. या जातीच्या पिल्लाची छाती वर्षाचं झाल्यावर पुन्हा ऐकून घ्या आणि तोवर वीण करू नका.