मनशीळ, जोडलेला फ्लोराइट आणि ‘चिठ्ठीचे पैसे’: तुमच्या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार,

तुम्ही आमच्या खनिज-नमुन्यांच्या दुकानाला एक तारा दिलात आणि त्यामागची कारणंही सविस्तर लिहिलीत, त्याबद्दल आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं आहे: आमच्याकडून घेतलेली लालभडक मनशीळ, म्हणजे रिअलगार, शोकेसमध्ये काही महिन्यांतच पिवळी पडून भुरभुरू लागली. फ्लोराइट या खनिजाचा नमुना जोडलेला, म्हणजे सुटलेला स्फटिक पुन्हा चिकटवलेला निघाला. आमचं सिट्रिन, म्हणजे पिवळं क्वार्ट्झ, फिकट असूनही दुसरीकडच्या गडद नारिंगी स्फटिकांच्या गुच्छापेक्षा कितीतरी महाग होतं. आणि एकूणच आम्ही दगडापेक्षा चिठ्ठीचे, म्हणजे तो कुठून आला हे सांगणाऱ्या लेबलचे पैसे जास्त घेतो.

आधी मनशीळ, कारण तिथे तुमच्या आरोग्याचा प्रश्न आहे. ती पिवळी भुकटी फुंकू नका, कोरड्या ब्रशने झाडू नका आणि घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरने ओढू नका. मनशीळ हे आर्सेनिक आणि गंधक यांचं संयुग आहे आणि भुकटीतही तेच आहे. हातमोजे घाला, शोकेसचा कप्पा ओल्या फडक्याने टिपून घ्या, फडकं आणि हातमोजे एका पिशवीत घट्ट बंद करा आणि नंतर हात साबणाने धुवा. लहान मुलं त्या कप्प्यापर्यंत पोचत असतील तर हे आजच करा.

आता हे झालं कसं? तुम्ही लिहिलंय की काच अतिनील किरणं अडवणारी होती, दिवे एलईडीचे होते, नमुना अजिबात तापत नव्हता, म्हणजे मालच खराब असणार. बहुतेक खनिजांसाठी तुम्ही घेतलेली ही काळजी उत्तम आहे. पण मनशिळेला अतिनील किरणांची गरजच लागत नाही. साधारण ५०० ते ६७० नॅनोमीटरचा, म्हणजे हिरव्यापासून नारिंगी-लालसरपर्यंतचा साधा दृश्य प्रकाश तिच्या रेणूंमधले बंध तोडून नव्याने जुळवतो. घटक तेच राहतात, रचना बदलते आणि पॅरारिअलगार नावाचं पिवळं, ठिसूळ खनिज तयार होतं. एलईडीच्या पांढऱ्या उजेडात नेमका हाच प्रकाश भरपूर असतो. पॅरारिअलगार हे वेगळं खनिज म्हणून १९८० साली नोंदलं गेलं. त्याआधी जुन्या संग्रहांतल्या अशा पिवळ्या भुकटीला सरसकट हरताळ, म्हणजे आर्सेनिक-गंधकाचंच दुसरं पिवळं खनिज, समजलं जाई. दिव्याखाली सतत ठेवलेली अस्सल मनशीळ असंच वागते. नमुन्यासोबतच्या कार्डावर ‘अंधारात ठेवा, दाखवण्यापुरतीच बाहेर काढा’ असं ठळक अक्षरांत आहे आणि खरेदीपूर्वी आपलं याविषयी बोलणंही झालं होतं. म्हणून या नमुन्याचे पैसे आम्ही परत करणार नाही.

तुमचा मुद्दा असा की जी वस्तू उजेडात ठेवता येत नाही ती शोभेसाठी विकूच नये. या मताचा मला आदर आहे, पण मला ते पटत नाही. प्रूस्टाइट उजेडात काळवंडतं, व्हिव्हियानाइट गडद होत जातं, गंधकाचा स्फटिक हाताच्या उबेनेही तडकू शकतो, सैंधव दमट हवेत पाझरतं. दमटपणा न सोसणारं मार्कसाइट तर स्वतःसोबत खालची डबी आणि चिठ्ठीही खातं, कारण त्याच्या क्षरणातून गंधकाम्ल सुटतं. ही सगळी खनिजं संग्राहक पिढ्यान्‌पिढ्या सांभाळत आले आहेत, खणात, झाकणाच्या डबीत, सिलिका जेलच्या पुडीसोबत. कायम उजेडात ठेवायचंच असेल तर पारदर्शक क्वार्ट्झ, गार्नेट, मॅग्नेटाइट, हेमॅटाइट घ्या. अ‍ॅमेथिस्ट मात्र खिडकीत नको, कडक उन्हात त्याचा जांभळा रंग हळूहळू विटतो.

फ्लोराइटबद्दल तुम्ही लिहिलंय की अतिनील टॉर्च मारल्यावर बुडाशी निळसर पांढरी रेघ उजळली आणि आमची ‘लबाडी पकडली’. तपासण्याची तुमची पद्धत अगदी बरोबर आहे. बरेचसे गोंद असेच उजळतात, आणि फ्लोराइट स्वतःही चमकत असल्याने दोन्ही रंगांतला फरक ओळखायला नजर लागते. ती तुमच्याकडे आहे. पण ही जोड लपवलेली नव्हती. विक्रीच्या वर्णनात ‘मुख्य स्फटिक मूळ खडकावर परत जोडलेला’ हे वाक्य आहे, बिलावर आहे आणि लेबलच्या मागेही आहे.

फ्लोराइट चार दिशांनी सफाईदार फुटतो. खडकाच्या पोकळीतून नमुना काढताना घणाचा हादरा बसला, की मोठा स्फटिक बुडापासून सुटतो. काही खाणींत आता हिऱ्याचे दात असलेल्या साखळी-करवतीने आजूबाजूचा खडक कापून अख्खा नमुना सोडवतात, तरीही सगळे वाचत नाहीत. सुटलेला स्फटिक त्याच्याच खळग्यात, त्याच्याच जागी बसवला तर तो ‘जोडलेला’. नसलेला भाग राळेने भरून काढला तर तो ‘भर घातलेला’. एका ठिकाणचा स्फटिक भलत्याच दगडावर चिकटवला तर ती फसवणूक, मग दिसायला तो कितीही देखणा असो. कॅव्हनसाइट या खनिजाचे निळे गोळे असे कुठल्यातरी स्टिल्बाइट या दुसऱ्या खनिजावर डकवलेले बाजारात फिरतात. तुमचा नमुना पहिल्या प्रकारातला आहे आणि त्याची किंमत न जोडलेल्या नमुन्यापेक्षा कमी लावली होती. तरीही तो तुमच्या मनातून उतरला असेल तर परत पाठवा. पैसे पूर्ण मिळतील. ‘जोडलेला’ हा शब्द वाचूनही प्रत्यक्ष नमुना हातात येईपर्यंत त्याचा अर्थ नव्या संग्राहकाला जाणवत नाही, हे मी समजू शकतो.

सिट्रिनचं उत्तर छोटं आहे. तुम्ही ज्याचा फोटो जोडलाय तो तापवलेला अ‍ॅमेथिस्ट आहे. बुडाशी दुधी पांढरा आणि टोकांना करपल्यासारखा नारिंगी, ही त्याची ओळख. अ‍ॅमेथिस्ट काही शे अंशांपर्यंत तापवला की जांभळा रंग जाऊन पिवळा-नारिंगी येतो. निसर्गात पिवळं झालेलं सिट्रिन बहुधा फिकट, किंचित धुरकट असतं आणि बरंच कमी सापडतं. तापवलेला गुच्छ आवडला तर जरूर घ्या, त्यात काही वाईट नाही. विकणाऱ्याने तो तापवलेला आहे एवढं सांगावं.

राहिली चिठ्ठी. हा आरोप मला सगळ्यांत जास्त लागला, कारण या धंद्यात मी सगळ्यांत जास्त जपतो ती चिठ्ठीच. खनिजाचं नाव नंतरही शोधता येतं: कठीणपणा बघा, घनता मोजा, प्रयोगशाळेत क्ष-किरणांनी तपासा. पण तो दगड कुठल्या खाणीतून, कुठल्या थरातून आला हे एकदा हरवलं की बहुतेक वेळा परत मिळत नाही. पांढऱ्या कॅल्साइटचे दोन नमुने शेजारी ठेवले तर कुठला कुठून आला हे जाणकारालाही छातीठोक सांगता येत नाही. नामिबियातली त्सुमेबची खाण १९९६ साली बंद झाली. तिथल्या अझुराइटवर ‘त्सुमेब’ लिहिलेली जुनी, विश्वासार्ह चिठ्ठी असेल तर तो खनिजशास्त्राच्या इतिहासाचा तुकडा आहे. चिठ्ठी नसेल तर एक सुंदर निळा स्फटिक. कॅव्हनसाइट आधी अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात सापडलं, पण जगभरच्या संग्रहालयांत त्याचे जे देखणे निळे गोळे दिसतात ते पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणींतले. खनिज तेच, ठिकाण बदललं की अभ्यासकाच्या आणि संग्राहकाच्या दृष्टीने नमुना वेगळा.

म्हणून आम्ही ‘ब्राझील’ किंवा ‘चीन’ एवढ्यावर थांबत नाही. खाण, जवळचं गाव, जिल्हा, आधीचा मालक कळला असेल तर त्याची नोंद, हे सगळं शोधायला वेळ जातो, फोन होतात, जुनी बिलं चाळावी लागतात. ठिकाणाची खात्री झाली नाही तर लेबलवर ‘ठिकाण अनिश्चित’ असंच छापतो आणि किंमत उतरवतो. तसे नमुने वेगळ्या खणात असतात. फक्त दिसण्यासाठी दगड हवा असेल, तर आमच्याकडूनच त्या खणातला घ्या, पैसे वाचतील. हे मी प्रत्येक नव्या ग्राहकाला सांगतो.

आता पुढचं. फ्लोराइट पाठवताना त्याला आधी मऊ टिश्यूत, मग बुडबुड्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळा. खोक्यात तो हलता कामा नये, आणि एका खोक्यात दुसरं खोकं असू द्या. लेबल वेगळ्या पाकिटात घालून सोबत ठेवा. मनशिळेचा आतला भाग अजून लाल असेल तर ती झाकणाच्या अपारदर्शक डबीत बंद करा, उरलेला स्फटिक तसाच टिकू शकतो. तिचं लेबल मात्र डबीत कोंबू नका, बाहेरून चिकटवा आणि त्याचा एक फोटो काढून ठेवा.