वाँटेजचं चॅपल : काचा नंतर, आधी बाकं बघा

जुन्या चर्चचा फोटो कोणी टाकला की खाली रंगीत काचा आणि टोकदार कमानींचं कौतुक सुरू होतं. ठीक आहे, असतातच त्या सुंदर. पण व्हिक्टोरियन काळातलं कॉन्व्हेंटचं, म्हणजे नन्सच्या मठाचं, छोटं चॅपल (प्रार्थनाघर) बघायचं तर आधी बाकांची तोंडं कुठे आहेत ते बघावं, असं माझं ठाम मत आहे.

इंग्लंडमधलं वाँटेजच घ्या. तिथला व्हिकर, म्हणजे गावच्या चर्चचा पाद्री, विल्यम बटलर, त्यानं १८४८ मध्ये नन्सचा संघ काढला आणि १८५० च्या दशकात त्यांच्या इमारतीचं काम दिलं आर्किटेक्ट जी. ई. स्ट्रीटला, तोच ज्यानं पुढे लंडनची लॉ कोर्ट्स बांधली.

गावच्या चर्चमध्ये सगळे वेदीकडे तोंड करून बसतात. नन्सच्या चॅपलमध्ये बाकं दोन्ही भिंतींना लागून, समोरासमोर, मधे मोकळी वाट. कारण दिवसातून कितीतरी वेळा जमून स्तोत्रं गायची, एक कडवं या बाजूनं तर पुढचं त्या बाजूनं, आपल्या भजनात टाळकरी दोन रांगांत उभे राहतात ना तसंच. त्यात ओळीच्या मध्यावर सगळ्याजणी क्षणभर थांबतात, आवाज दगडात विरू देतात आणि मग उरलेली ओळ उचलतात. त्यामुळे अरुंद, उंच, उघड्या भिंतींची खोली ही नुसती गॉथिकची, म्हणजे त्या टोकदार कमानींच्या शैलीची, हौस नाही, तिथे गाणं नीट लागतं. वाँटेजच्या नन्सनी तर प्लेनसाँगची (एकसुरात गायच्या या जुन्या स्तोत्रगायनाची) इंग्रजी पुस्तकं स्वतःच्या प्रेसमध्ये छापली! तरी इमारतीबद्दल लिहिताना नावं येतात ती आर्किटेक्ट पुरुषांची. रोज पहाटेपासून ती जागा वापरणाऱ्या बायकांना काय हवं होतं हे कोणी विचारतच नाही.

आणि हो, हे वाँटेज आपल्याला परकं नाही. पुण्यात पंचहौद मिशनला आलेल्या नन्स या वाँटेजच्याच (तेच पंचहौद, जिथल्या चहावरून टिळक-रानड्यांना प्रायश्चित्ताच्या भानगडीत ओढलं), त्यांच्याच ओळखीनं पंडिता रमाबाई १८८३ मध्ये वाँटेजला गेल्या आणि तिथेच त्यांचा आणि लेक मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. पण म्हणून नन्सचं सगळं मुकाट ऐकलं असं नाही, क्रॉसवर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नको, यावरूनही वाद घातला बाईंनी.

एक मात्र सांभाळा. वाँटेजच्या कॉन्व्हेंटमधलं आर्किटेक्ट जे. एल. पीअरसनचं मोठं चॅपल १८८० च्या दशकाच्या शेवटाकडचं आहे आणि रमाबाई १८८६ मध्येच अमेरिकेला गेल्या होत्या. तेव्हा त्याच्या फोटोखाली 'इथे रमाबाई प्रार्थनेला बसायच्या' असलं काही लिहू नका प्लीज.