खुलासा : पेट्रोलमध्ये थिनर ओतून जुनी गाडी पीयूसीत पास होत नाही

साताऱ्यातल्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : पंधरा वर्षांवरच्या एमएच ११ गाड्यांना आता पीयूसी बंद, टाकीत थोडं थिनर ओता, मग मशीन पास दाखवतं. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

पंधरा वर्षांनी खाजगी गाडीची नोंदणी संपते, पण फिटनेस तपासून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. डिझेल दहा आणि पेट्रोल पंधरा वर्षांचा जो निर्बंध ऐकू येतो, तो दिल्ली आणि भोवतालच्या भागापुरता. पीयूसीची मर्यादाही गाडी कधी बनली त्यावर ठरते. एप्रिल २००० आधीच्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्क्यांपर्यंत चालतो, त्यानंतरच्या बीएस-३ (भारत स्टेज ३, धुराच्या मानकाचा एक जुना टप्पा) पर्यंतच्या दुचाकीला ३.५. हे केंद्रीय मोटार वाहन नियम ११५ मध्ये लिहिलेलं आहे.

आता थिनर. कार्बन मोनॉक्साइड वाढतो तो हवेच्या मानाने पेट्रोल जास्त गेल्यामुळे. थिनरने ते प्रमाण सुधारत नाही, उलट कार्बोरेटरमधले रबरी सील फुगतात. आकडा खरंच खाली आणायचा तर आधी एअर फिल्टर काढून उजेडात धरा. काळा, तेलकट दिसला तर बदला. मग मेस्त्रीकडून आयडलिंगचा मिक्श्चर स्क्रू (गाडी जागेवर चालू असताना हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा) नीट लावून घ्या, प्लग बघा, चोक पूर्ण उघडतोय ना तेही. गाडी चांगली गरम करूनच केंद्रावर न्या, थंड इंजिनावर आकडा हमखास वर जातो.

थिनरच्या वाफा सहज पेट घेतात, म्हणून मला याची खरोखर काळजी वाटते. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तिथे हा खुलासा टाका.