सव्वादोन लाखांची सेवा

आज सकाळी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका शाळेचं चकचकीत पत्रक आलं. दहावी-अकरावीच्या मुलांसाठी उन्हाळी सुट्टीत बारा दिवस नेपाळ. त्रिशुली नदीत राफ्टिंग, मग पोखरा, घोरेपानी आणि पून हिलचा ट्रेक, आणि शेवटी गोरखा जिल्ह्यातल्या एका गावात तीन दिवस 'सेवा'. म्हणजे शाळेची भिंत बांधायची नि रंगवायची. खर्च सव्वादोन लाख, वर प्रमाणपत्र. चौथ्या मजल्यावरची मुलगी चालली आहे, त्यामुळे अंगठे, टाळ्या, फुलांचे गुच्छ. अर्ध्या-पाऊण तासाने त्याच ग्रुपवर तक्रार: वॉचमन रात्री खुर्चीत पाय वर घेऊन बसतो, जरा कुणीतरी झापा त्याला.

आमचा वॉचमन अछामचा. नेपाळच्या पार पश्चिमेकडचा डोंगराळ जिल्हा तो. तिकडची निम्मी तरुण पोरं आपल्याकडे गेटवर नाहीतर हॉटेलांच्या मोरीत भेटतील. हा बायको-मुलीसह पंपाच्या खोलीशेजारी पत्रे ठोकून राहतो. मुलगी मनपाच्या शाळेत नववीला आहे, गणितात अडते. तिला शिकवायला लिफ्टने खाली यावं लागतं, बस. पण त्याचा फोटो कुठे लावणार?

चिडूनच लिहितेय. लांबणार आहे. ज्यांना झेपणार नाही त्यांनी पुढे सरकावं.

या बाबतीत मी पलीकडच्या बाजूला बसलेली आहे, म्हणून मला बोलायचा अधिकार आहे असं मी समजते. आमच्या गावी, राजापूर तालुक्यात, एका वर्षी मे महिन्याच्या अखेरीला सिंगापूरच्या एका शाळेची मुलं आली होती. अशीच सोळा-सतरा वर्षांची, एका रंगाचे टीशर्ट, कडक बूट. मी आंब्यांसाठी गेलेली, त्यामुळे सगळं डोळ्यांदेखत पाहिलं. चार मुली आमच्या धाकट्या काकूंकडे उतरल्या. विहिरीला तळ लागलेला, टँकर दिवसाआड. घरातली माणसं एका बादलीत भागवत होती आणि पाहुण्यांना सकाळ-संध्याकाळ दोन-दोन बादल्या कढत पाणी. काकू पहाटे चारला उठून चूल पेटवायच्या. त्या मुली वाईट नव्हत्या हो, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

आणि काम काय? शाळेची बाहेरची भिंत रंगवायची! कोकणात, मे संपताना! ज्याने एक पावसाळा पाहिलाय तो हसेल. गुरुजी बिचारे हात जोडून सांगत होते की माकडांनी कौलं फोडलीत, पाऊस दारात आलाय, शाळा शाकारायची राहिलीय. मुलांनी वर चढायचं नाही, फक्त खाली रांग करून कौलं हातोहात द्यायची, चढायला आमची माणसं आहेत. बरोबर आलेला आयोजक म्हणाला, ते कार्यक्रमात नाही. विम्यात बसत नाही. मग तीन दिवस भिंतीवर डॉल्फिन काढले. छान काढले होते, खोटं कशाला बोलू. गणपतीला गेले तेव्हा डॉल्फिनवर शेवाळ चढलेलं आणि चौथीच्या वर्गात बादल्या मांडलेल्या.

तरी ती नुसती रंगाची भिंत होती. गोरख्यात भिंत बांधायला निघालेत, त्यांना ते ठिकाण कुठलं आहे याची कल्पना आहे का? 25 एप्रिल 2015 ला 7.8 चा भूकंप झाला त्याचं केंद्र याच जिल्ह्यात, बारपाकजवळ. सुमारे नऊ हजार माणसं गेली, बहुतेक आपल्याच घराच्या दगडमातीखाली. हजारो शाळा पडल्या. शनिवार होता, नेपाळमध्ये शनिवारी सुट्टी असते, म्हणून वर्गात मुलं नव्हती. नाहीतर विचार करवत नाही. त्यानंतर तिथल्या गवंड्यांनी नव्याने शिकून घेतलं, की दगडी भिंतीत आडवा पट्टा कुठे घालायचा, कोपरे कसे बांधायचे. सरकारने घरामागे तीन लाख नेपाळी रुपये दिले, तेही टप्प्याटप्प्याने, बांधकाम तपासून. अशा गावात भिंत म्हणजे जिवाशी गाठ. आणि तिथे आमची पोरं, ज्यांनी घरात खिळा ठोकलेला नाही, ती दगड लावणार? पुण्यात आपल्या बंगल्याची भिंत लावू द्याल त्यांना?

आता कुणीतरी म्हणेल, गावात चार पैसे जातात. जातात, मान्य. लॉजवाल्या बाईचं घर चालतं, वाटाड्याला, भारिया म्हणजे ओझी वाहणाऱ्या लोकांना काम मिळतं. म्हणूनच ट्रेकबद्दल माझं काही म्हणणं नाही. पून हिल 3210 मीटरवर आहे, पहाटे थंडीत चढताना पोरांची चांगली जिरते, धौलागिरीवर ऊन पडलेलं पाहतात. जाऊ द्या की. हौसेला पैसे खर्च करावेत, त्यात लाज कसली? पण तीच हौस दुसऱ्याच्या गरिबीवर उपकार म्हणून नोंदवायची, हे मला सोसत नाही.

नोंदवायची म्हणजे खरंच नोंदवायची. आयबी या आंतरराष्ट्रीय बोर्डाच्या अकरावी-बारावीच्या डिप्लोमात 'कॅस' (क्रिएटिव्हिटी, ॲक्टिव्हिटी, सर्व्हिस) म्हणून भाग असतो, त्यातली सर्व्हिस म्हणजे ही सेवा. तो पुरा केल्याशिवाय डिप्लोमा मिळत नाही. पण त्यासाठी परदेशात जा असं कुठेही म्हटलेलं नाही. खालच्या मजल्यावरचं गणितही त्यात बसतं. पुढे परदेशी कॉलेजच्या अर्जातल्या निबंधात मात्र वॉचमनच्या मुलीपेक्षा हिमालय शोभून दिसतो. पालकांनो, रागावू नका, पण हे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही.

काठमांडूच्या विमानतळावर उतरलात तर एकदा बाजूला बघा. कतारला, सौदीला, मलेशियाला निघालेल्या पोरांच्या रांगा असतात, हातात कागदांची प्लास्टिकची फाइल धरलेल्या. आपल्या पोरांपेक्षा तीन-चार वर्षांनी मोठी असतील. गावात भिंती बांधायला हात उरले नाहीत ते यामुळे. ते हात बाहेर मजुरी करतायत आणि त्यांच्या जागी आपण पैसे भरून हौशी हात पाठवतोय. डोकं चालेनासं होतं माझं.

थांबते जरा. चहा करून आले.

मुलांवर राग नाही माझा. आमच्याकडे उतरलेल्या त्या चौघींतली एक, अबोल, चष्मेवाली, दुसऱ्या दिवशी दुपारी पडवीत काकूंच्या शेजारी येऊन बसली. काकू रातांबे फोडत होत्या. भाषेचा प्रश्नच नव्हता, काकूंनी एक रातांबा तिच्या हातात ठेवला. फोडायचा, बिया-गर वेगळा, साल वेगळी. साल रसात बुडवून उन्हात, परत रसात, परत उन्हात, तेव्हा कुठे आमसूल. संध्याकाळी तिचे हात लालभडक, टीशर्टवर न जाणारे डाग. तिसऱ्या दिवशी भिंत सोडून अर्धी तुकडी पडवीत! आयोजक घड्याळ बघत येरझाऱ्या घालत होता. पाऊस यायच्या आत काकूंची सगळी टोपली संपली, नाहीतर दोन बायका रोजाने लावाव्या लागल्या असत्या. आणि त्याच मुलीने पाण्याचं ओळखलं. त्या रात्री तिने दुसरी बादली उचलून मोरीबाहेर आणून ठेवली, बाकीच्या तिघींनाही काहीतरी बोलली. काकूंना अजून तिची आठवण येते. डॉल्फिन कुणालाच आठवत नाहीत.

म्हणजे पोरांना कळतं. त्यांना यजमानाच्या हाताखाली बसवा, काम यजमानाला सांगू दे, मग ती मटार सोलतील नाहीतर मकई. मला वाटतं तेवढंच पुरे आहे. चौथ्या मजल्यावरच्या मुलीला हेच सांगायचं होतं, गोड मुलगी आहे.

पण हे लिहिता लिहिता ते पत्रक पुन्हा उघडलं आणि दुसरं पान वाचलं. 'काठमांडूतील अनाथाश्रमात मुलांसोबत एक संध्याकाळ.' आता मात्र हद्द झाली. नेपाळमधले असले आश्रम मुख्यतः काठमांडू, पोखरा, चितवन अशा पर्यटक जातात तिथेच का दाटलेत, विचारलंय कुणी? हुमलासारख्या दूरच्या जिल्ह्यांतून दलाल मुलं आणतात, शाळेत घालतो म्हणून आईबापांकडून पैसे घेतात, आणि इथे तीच मुलं अनाथ म्हणून पाहुण्यांपुढे नाचवतात. त्यातल्या बहुतेकांची आई नाहीतर बाप गावी जिवंत आहे. हे कितीतरी वेळा उघडकीला आलंय. पाहुणे येतात, चॉकलेटं वाटतात, कडेवर घेऊन फोटो काढतात, जातात. पुढच्या आठवड्यात दुसरे. सगळेच आश्रम तसे नसतील, ठीक आहे. पण एका संध्याकाळीत तुमच्या पोराला फरक कळणार आहे का?

चौथ्या मजल्यावर आत्ताच फोन केला. तिची आई म्हणाली, शाळेने ठरवलंय, आपण काय बोलणार. अहो, सव्वादोन लाख तुम्ही भरताय! लेखी विचारा शाळेला, आश्रम कोणता, कुणी निवडला. आणि बाकी पालकांना घेऊन ती संध्याकाळ रद्द करायला लावा. त्या वेळात पोरांना हॉटेलात पत्ते कुटत बसू दे, चालेल.